‘आला म्हणून’ आणि ‘यावा म्हणून’ : लॅटिनमधली उद्देशवाक्ये

‘पाऊस आला म्हणून पेरणी झाली’ आणि ‘पाऊस यावा म्हणून नवस केला’. दोन्ही वाक्यांत ‘म्हणून’ आहे आणि तो त्याच जागी आहे. तरी पहिल्या वाक्यात पाऊस हे कारण आहे आणि दुसऱ्यात तो हेतू आहे, हे मराठी घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पहिल्या वाक्यात पाऊस पडून गेलेला आहे. दुसऱ्यात आभाळात ढगाचा पत्ता नसला, तरी वाक्य खरेच राहते. हा फरक ‘म्हणून’ने केलेला नाही. तो केला आहे ‘आला’ आणि ‘यावा’ या रूपांनी.

लॅटिन शिकणारा विद्यार्थी ज्या धड्यापाशी हमखास अडखळतो, त्या धड्याचा विषय हाच आहे. हेतू सांगणारे उपवाक्य, म्हणजे उद्देशवाक्य, आणि त्यात येणारे क्रियापदाचे वेगळे रूप, ज्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. आपल्याकडे लॅटिनची पुस्तके बहुधा इंग्रजीतून वाचली जातात आणि इंग्रजीत अशी वेगळी रूपे जवळजवळ झिजून गेली आहेत. त्यामुळे तिथे हा सगळा प्रकार कोरड्या नियमांच्या यादीसारखा समोर येतो. मराठी वाचकाने इंग्रजीचा वळसा घेऊच नये, असे मला अगदी मनापासून वाटते. आपल्या बोलण्यात हे यंत्र रोज चालू असते. ते लॅटिनमध्ये कसे चालते, एवढेच पाहायचे आहे.

एक स्वर बदलतो

शाळेच्या व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलेलो असतो. ‘मुलगा पाव आणतो’ हा स्वार्थ, नुसती माहिती. ‘पाव आण’ हा आज्ञार्थ. ‘मुलाने पाव आणावा’ हा विध्यर्थ. ‘मुलाने पाव आणला असता, तर...’ हा संकेतार्थ. इथे ‘अर्थ’ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. बोलणारा ती क्रिया घडलेली गोष्ट म्हणून सांगतो आहे, की इच्छा, अपेक्षा किंवा कल्पना म्हणून, ते दाखवणारे क्रियापदाचे वळण. लॅटिनमध्ये स्वार्थ आहे, आज्ञार्थ आहे, आणि विध्यर्थ व संकेतार्थ या दोघांचे बरेचसे काम एकट्याने करणारा सब्जंक्टिव्ह आहे.

आता एक साधे वाक्य घेऊ. लॅटिन शब्द मी देवनागरीत, जुन्या रोमन उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहीत आहे.

पतेर् फीलिउम् मित्तित् उत् पानेम् एमत्.

‘पतेर्’ म्हणजे बाप, ‘फीलिउम्’ म्हणजे मुलाला, ‘मित्तित्’ म्हणजे पाठवतो. ‘पानेम्’ म्हणजे पाव. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेला ‘पाव’ हा शब्द याच लॅटिन शब्दाचा वंशज आहे. ‘उत्’ हा जोडणारा शब्द, आणि ‘एमत्’ म्हणजे ‘त्याने विकत घ्यावा’. पूर्ण वाक्य : मुलाने पाव विकत घ्यावा म्हणून बाप त्याला पाठवतो.

‘तो विकत घेतो’ ही नुसती माहिती असती, तर रूप ‘एमित्’ झाले असते. ‘एमित्’चे ‘एमत्’ झाले, म्हणजे ‘इ’च्या जागी ‘अ’ आला, आणि घडणारी गोष्ट मनातली गोष्ट झाली. ‘विदेत्’ म्हणजे तो पाहतो, ‘विदेअत्’ म्हणजे त्याने पाहावे. ‘औदित्’ म्हणजे तो ऐकतो, ‘औदिअत्’ म्हणजे त्याने ऐकावे. ज्या क्रियापदांत मुळातच ‘अ’ असतो, त्यांना हा ‘अ’ लावून फरक कळणार नाही, म्हणून तिथे ‘ए’ येतो : ‘पोर्तत्’, तो वाहून आणतो, ‘पोर्तेत्’, त्याने वाहून आणावे.

‘उत्’ या शब्दावर फार भरवसा ठेवून चालत नाही. ‘उत् पतेर् दीकित्’ यातही ‘उत्’ आहे, पण क्रियापद स्वार्थात आहे, आणि त्याचा अर्थ होतो ‘बाबा म्हणतात तसे’. तिथे हेतूचा मागमूस नाही. आपल्या ‘म्हणून’सारखाच ‘उत्’ही दोन घरचा आहे, कोणत्या घरी बसला आहे, ते क्रियापद सांगते.

न्यायालयात ऐकलेला सब्जंक्टिव्ह

हे रूप स्वतंत्रपणेही वापरता येते, आणि ते आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. ‘कॅव्हेट दाखल केले’ ही बातमी घ्या. ‘कवेत्’ म्हणजे तो सावध असतो. ‘कवेअत्’ म्हणजे त्याने सावध राहावे. आपल्याला न ऐकता आदेश होऊ नये, म्हणून पक्षकार आधीच न्यायालयाला सावध करून ठेवतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि त्या अर्जाचे नाव म्हणजे एक लॅटिन सब्जंक्टिव्ह आहे.

‘हेबिअस कॉर्पस’मधले पहिले पदही तेच. कोणाला बेकायदा डांबून ठेवले असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि २२६ खाली उच्च न्यायालय हा आदेश काढू शकते. ‘हबेस्’ म्हणजे तुझ्याकडे आहे. ‘हबेआस्’ म्हणजे तुझ्याकडे असावे. ज्याने माणसाला अडकवून ठेवले आहे त्याला उद्देशून हे म्हटलेले आहे : त्या माणसाला तू सदेह हजर ठेवावेस. याउलट ‘मँडॅमस’ हा आदेश पाहा. त्याचा अर्थ ‘आम्ही आज्ञा करतो’, आणि ते रूप स्वार्थातले आहे. आज्ञा प्रत्यक्ष दिली जाते आहे, ती घडणारी गोष्ट आहे. माणूस हजर होणे अजून व्हायचे आहे. न्यायालयाच्या कारभारातही ही दोन रूपे आपापली जागा सोडत नाहीत.

गोव्यात कार्निव्हलला आणि लग्नसमारंभात ‘व्हिवा’ अशी आरोळी उठते. ती पोर्तुगीज आहे, आणि तिच्यामागे लॅटिन ‘वीवत्’ उभा आहे : चिरायु होवो. साधी माहिती असती, तर ‘वीवित्’, म्हणजे ‘तो जगतो’.

इच्छा दुसऱ्या वाक्यात कशी शिरते

आता मुख्य गोष्ट. उद्देशवाक्यात सब्जंक्टिव्हच का? ‘उत् आले की सब्जंक्टिव्ह’ हे उत्तर परीक्षेपुरते ठीक आहे, पण त्याने काही कळत नाही.

मराठीचा ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या धातूचेच रूप आहे. ‘पाऊस यावा म्हणून नवस केला’ हे वाक्य उलगडले, तर ‘“पाऊस यावा” असे म्हणून नवस केला’ असे होते. म्हणजे आधी एक पूर्ण, स्वतंत्र इच्छा आहे : पाऊस यावा. ती कोणाच्या तरी मनात उच्चारली गेली आणि तशीच्या तशी मोठ्या वाक्यात आणून बसवली. ‘यावा’ हे रूप ‘म्हणून’च्या हुकमावरून आलेले नाही, ते इच्छेचे स्वतःचे आहे, आणि इच्छा वाक्यात शिरताना ते बरोबर घेऊन आली. कानडी आणि तेलुगूमध्येही ‘म्हणून’ अशा अर्थाचे शब्द ‘म्हणणे’ या क्रियेतूनच आले आहेत, त्यामुळे आपल्या दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांनाही ही वाट ओळखीची आहे.

लॅटिनमधला ‘उत्’ मुळात ‘कसे’, ‘जसे’ या अर्थाचा. त्याचा म्हणण्याशी संबंध नाही. पण इच्छा वाक्यात शिरण्याची रीत तीच. त्याचा पुरावा भाषेत शिल्लक आहे. ‘वोलो वेनिआस्’ असे लॅटिनमध्ये म्हणता येते. ‘वोलो’ म्हणजे मला हवे आहे; ‘वेनिआस्’ म्हणजे तू यावेस. मध्ये जोडणारा शब्दच नाही. ‘मला वाटते, तू यावेस’ असे आपण म्हणतो, तसेच. दोन वाक्ये शेजारी-शेजारी उभी आहेत, आणि पुढे त्यांच्यामध्ये ‘उत्’ येऊन बसला.

हे एकदा ध्यानात आले, की एक महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते. सब्जंक्टिव्ह क्रिया घडल्याची ग्वाही देत नाही. बापाने मुलाला पाव घ्यायला पाठवले; मुलाने घेतला की नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. ज्यूलियस सीझरने गॉलमधल्या युद्धांचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात अमुक टोळीने तह मागण्यासाठी वकील पाठवले, अशा धर्तीची वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. वकील निघाले, एवढेच तिथे नक्की असते. पुढे काय झाले, ते पुढच्या वाक्यातल्या स्वार्थी क्रियापदात शोधायचे. घाईने वाचणारा वाचक इथे फसतो आणि न झालेल्या गोष्टी झाल्या असे समजून पुढे जातो.

मागे बांधलेली होडी

इथपर्यंत मराठीने साथ दिली. आता असा भाग येतो, जिथे ती देत नाही, म्हणून जरा थांबून पाहू.

‘मुलाने पाव आणावा म्हणून बाप त्याला पाठवतो’ आणि ‘मुलाने पाव आणावा म्हणून बापाने त्याला पाठवले’. मुख्य क्रियापद वर्तमानातून भूतकाळात गेले, ‘आणावा’ जिथल्या तिथे राहिला. लॅटिनमध्ये तो जागेवर राहत नाही.

पतेर् फीलिउम् मीसित् उत् पानेम् एमेरेत्.

‘मित्तित्’, पाठवतो, याचे ‘मीसित्’, पाठवले, असे झाले. त्याबरोबर ‘एमत्’ जाऊन ‘एमेरेत्’ आला. मोठ्या गलबतामागे दोराने बांधलेल्या छोट्या होडीसारखे हे आहे. होडीला स्वतःचे शीड नसते. गलबत ज्या पाण्यात, त्याच पाण्यात ती. मुख्य क्रियापद वर्तमानात किंवा भविष्यात असेल, तर उद्देशवाक्यात वर्तमान सब्जंक्टिव्ह येतो. मुख्य क्रियापद भूतकाळात गेले, की उद्देशवाक्यही भूतकाळी सब्जंक्टिव्हमध्ये ओढले जाते.

‘एमेरेत्’ भूतकाळी दिसतो, म्हणून पाव विकत घेऊन झाला असे मात्र नाही. इच्छा ज्या काळी मनात होती, तो काळ मागे गेला आहे, एवढेच तो सांगतो. हे रूप ओळखायला मात्र सोपे आहे. ‘विकत घेणे’ याला लॅटिनमध्ये ‘एमेरे’. त्याला ‘त्’ जोडला की ‘एमेरेत्’. ‘वाहून आणणे’ म्हणजे ‘पोर्तारे’, त्याचे ‘पोर्तारेत्’. क्रियापदाच्या मूळ नामासारख्या रूपाला पुरुषाचा प्रत्यय लावायचा, की झाले. लॅटिनमधल्या अत्यंत अनियमित क्रियापदांनीही हा नियम पाळला आहे.

नये आणि नाही

आपण ‘कुत्रा आत येत नाही’ म्हणतो, पण ‘कुत्रा आत येऊ नये’ म्हणतो. माहितीचा नकार ‘नाही’, इच्छेचा नकार ‘नये’. लॅटिनने हेच दोन नकार ठेवले आहेत. माहितीसाठी ‘नोन्’, इच्छेसाठी ‘ने’. हा ‘ने’ दीर्घ उच्चारायचा. संस्कृतात साध्या नकाराला ‘न’ आणि निषेधाला ‘मा’, हीही तीच विभागणी.

पतेर् पोर्तम् क्लौदित् ने कनिस् इन्त्रेत्.

कुत्रा आत येऊ नये म्हणून बाप दार लावतो. इथे ‘उत्’ नाहीच. ‘ने’ एकटा ‘नये’ आणि ‘म्हणून’ दोघांचे काम करतो. ‘कोणीही आत येऊ नये म्हणून’ असे म्हणायचे असेल, तर लॅटिन ‘ने क्विस् इन्त्रेत्’ म्हणते, म्हणजे शब्दशः ‘कोणी येऊ नये’. इथेही मराठी आणि लॅटिन बरोबरीने चालतात.

या दोन नकारांचा खरा उपयोग पुढे होतो. ‘उत्’ आणि सब्जंक्टिव्ह यांची जोडी लॅटिनमध्ये परिणाम सांगायलाही वापरतात. ‘कुत्रा इतका मोठा आहे, की मुलगा आत येत नाही’ हे वाक्य असे होईल : कनिस् तम् मग्नुस् एस्त् उत् पुएर् नोन् इन्त्रेत्. मराठीत आपण इथे साधा स्वार्थ वापरतो, कारण मुलगा खरोखरच येत नाही. लॅटिन इथेही सब्जंक्टिव्ह वापरते, आणि यामागचे कारण इच्छेच्या चौकटीत बसवता येत नाही. हा लॅटिनचा स्वतःचा स्वभाव आहे, तो तसाच स्वीकारावा लागतो. पण ‘नोन्’ लगेच सांगतो, की हा हेतू नव्हे, परिणाम आहे. शिवाय मुख्य वाक्यात ‘तम्’ म्हणजे ‘इतका’ असा शब्द बहुधा आधीच येऊन गेलेला असतो.

चौकट : उतारा वाचताना

‘उत्’ दिसला, की आधी त्याच्या वाक्यातले क्रियापद शोधा. स्वार्थात असेल, तर ‘जसे’ किंवा ‘तेव्हा’.
सब्जंक्टिव्हमध्ये असेल, तर मागे ‘इतका’, ‘असा’ या अर्थाचा शब्द आहे का, ते पाहा. असेल, तर बहुधा परिणाम. नसेल, तर बहुधा हेतू.
नकार ‘ने’ असेल, तर ‘...नये म्हणून’. नकार ‘उत् ... नोन्’ असेल, तर ‘...की ... नाही’.
उपवाक्याचा काळ मुख्य क्रियापदावरून ठरतो. हेतूच्या उपवाक्यातली क्रिया घडली की नाही, ते त्यातून कळत नाही.

पाव आणायला

मराठीत ‘त्याने पाव आणावा म्हणून पाठवले’ यापेक्षा ‘पाव आणायला पाठवले’ हेच आपण जास्त वेळा म्हणतो. लॅटिन शिकणाऱ्याला वाटते, की मग ‘एमेरे’ हेच रूप थेट वापरावे. पोर्तुगीजसारख्या लॅटिनच्या मुली आज तसेच करतात आणि इंग्रजीही तसेच करते. पण रोमन गद्यलेखकांच्या कसलेल्या लॅटिनमध्ये ते चालत नाही. कवींनी मात्र ती सवलत घेतली आहे.

‘आणायला’ची जागा घेणारे एक रूप लॅटिनमध्ये आहे, आणि ते शाळेत संस्कृत शिकलेल्या माणसाला पाहताक्षणी ओळखू येते. जाणे-येणे-पाठवणे अशा क्रियापदांबरोबर ‘तुम्’ने संपणारे रूप येते : पुएर् इत् पानेम् एम्प्तुम्, मुलगा पाव घ्यायला जातो. संस्कृतात ‘गन्तुम्’, ‘दातुम्’, ‘क्रेतुम्’ असते, त्यातला ‘तुम्’ आणि हा ‘तुम्’ एकाच मुळाचे आहेत. ‘दातुम्’ला लॅटिनमध्ये ‘दतुम्’ म्हणतात. संस्कृताने हे रूप सगळीकडे वापरले, लॅटिनने ते हालचालीच्या क्रियापदांपुरते राखून ठेवले.

आणखी एक पद्धत मला फार आवडते, कारण तिथे सगळा भार एका स्वरावर असतो. ‘सेर्वुस् क्वी अक्वम् पोर्तत्’ म्हणजे ‘जो पाणी आणतो तो नोकर’. त्याचे हे रोजचे कामच आहे. ‘पतेर् सेर्वुम् मित्तित् क्वी अक्वम् पोर्तेत्’ म्हणजे ‘पाणी आणावे म्हणून बाप नोकराला पाठवतो’. ‘क्वी’ म्हणजे जो. ‘पोर्तत्’चा ‘पोर्तेत्’ झाला आणि माणसाची ओळख सांगणारे उपवाक्य त्याला पाठवण्याचा हेतू सांगू लागले. सीझरचे ते वकील पुष्कळदा याच पद्धतीने निघतात.

स्यात् आणि सित्

सब्जंक्टिव्हकडे इतकी कामे का, याचे उत्तर त्याच्या घराण्यात आहे. पाणिनीच्या व्याकरणात ‘लेट्’ नावाचा एक लकार आहे, आणि तो फक्त वेदांच्या भाषेपुरता सांगितला आहे. त्याच्या शेजारी ‘लिङ्’ आहे, ज्याचे विधिलिङ् आपण ‘भवेत्’, ‘स्यात्’ या रूपांत शिकतो. ‘लेट्’ निश्चयाकडे, ‘लिङ्’ इच्छा आणि शक्यतेकडे झुकणारा. ग्रीकनेही ही दोन रूपे वेगळी जपली. संस्कृतात पुढे ‘लेट्’ मावळला. लॅटिनमध्ये दोघांचे काम एकत्र झाले आणि आज ज्याला सब्जंक्टिव्ह म्हणतो ते रूप उभे राहिले.

‘असणे’ या क्रियापदात या वाटण्या अजून दिसतात. लॅटिन ‘सित्’ म्हणजे ‘असावे’. त्याचे जुने रूप ‘सिएत्’, आणि ते ‘स्यात्’चे सख्खे भावंड आहे. वेदांतला ‘असति’ हा ‘लेट्’ मात्र लॅटिनमध्ये भविष्यकाळ होऊन बसला : ‘एरित्’, असेल. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही.

आपला विध्यर्थ या घराण्यातला नाही. ‘करावे’, ‘यावे’ ही रूपे संस्कृतच्या ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’वरून आली. म्हणूनच आपण ‘त्याने पाव आणावा’ असे म्हणतो. कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद पावाशी जुळते. लॅटिनमध्ये कर्ता साधाच राहतो. मूळ वेगळे, घडण वेगळी, पण दोन्ही भाषांनी इच्छेला स्वतंत्र रूप द्यायचे ठरवले. राशोलच्या जेझुइट छापखान्यात १६४० मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्सचे कोकणी व्याकरण लॅटिन व्याकरणाच्या साच्यात रचलेले आहे. लॅटिनमध्ये मुरलेल्या त्या माणसाला इथल्या भाषेत ही रूपे शोधताना परके वाटले नसेल, असे माझे मत आहे.

भीतीची वाक्ये

शेवटी एक प्रकार, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी उलटा अर्थ लावतो.

तिमेओ ने कनिस् इन्त्रेत्.

‘तिमेओ’ म्हणजे मला भीती वाटते. ‘ने ... इन्त्रेत्’ म्हणजे आत येऊ नये. विद्यार्थी लिहितो : कुत्रा आत येणार नाही अशी मला भीती वाटते. खरा अर्थ नेमका उलट आहे : कुत्रा आत येईल अशी भीती वाटते.

इच्छा वाक्यात तशीच्या तशी शिरते, हे लक्षात ठेवले, तर इथे काहीच विचित्र नाही. दोन वाक्ये सुटी करा. ‘मला भीती वाटते. कुत्रा आत न येवो!’ भीती एका गोष्टीची आहे, आणि इच्छा तिच्या विरुद्ध आहे. लॅटिनने भीतीचा विषय न सांगता भ्यालेल्या माणसाची इच्छा उचलून वाक्यात ठेवली, तिच्या ‘ने’सकट. हिंदीत ‘डर है कि कहीं गिर न जाए’ असे म्हणतात, तेव्हा तो ‘न’ही असाच आलेला असतो, पडण्याचीच भीती आहे, न पडण्याची नाही.

आणि ‘तिमेओ उत् पतेर् वेनिअत्’? ‘मला भीती वाटते. बाबा येवोत!’ म्हणजे बाबा येणार नाहीत, अशी भीती.